दस्तीखालचे पाच पावसाळे

आमच्या वस्तीची विहीर तलावात गेली. गावात आज कोणालाही विचारा, तो म्हणेल, जुनी होती, पडली, विहिरी पडतातच. माझ्यासमोर कोणी असं म्हणत नाही, कारण माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे. पण पाठीमागे म्हणतात, आणि नवी पोरं तर ते खरंच मानतात. म्हणून एकदा लिहून ठेवतो. ती विहीर वाचली असती. मी ती वाचवत आणली होती.

मी गुरांचा दलाल. आमच्या भागात हेडी म्हणतात, आणि म्हणताना ओठ जरा वाकडा करतात. करोत. माझा बाप अण्णांकडे सालगडी होता. अण्णा म्हणजे गावातले मोठे शेतकरी. लहानथोर सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांच्या लाल कंधारी बैलांना पाणी दाखवत मी वाढलो. बैलाचे दात, खूर, वशिंड, चालताना मागचा पाय कुठे पडतो, हे सगळं मला त्या गोठ्यात कळलं. पुढे लोकांचे बैल कंधारच्या बाजारात पोचवायला जाऊ लागलो आणि तिथेच उभं राहून सौदा शिकलो. कोणी हाताला धरून शिकवला नाही. मातीचं घर दगडाचं केलं, दोन बहिणींची लग्नं केली, ते सगळं या जिभेवर आणि या हातावर.

हातावर म्हणतो ते खरोखरीच. गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हात पुढे करतात, वर दस्ती टाकतात, आणि त्या रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा. भोवती कितीही माणसं जमलेली असोत, आकडा त्या दोघांनाच कळतो. शेवटी हात दाबला की सौदा झाला, तो मग फिरत नाही. आणि दस्तीखालचं कधी वर बोलायचं नाही, हाही तिथलाच कायदा. जो बोलला, त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नाही.

आणखी एक सांगायला पाहिजे. गावात अण्णांचा हात मला कधी लागला नव्हता. माझ्या बापाच्या ओंजळीत भाकरी वरून सोडलेली मी पाहिली आहे. आम्ही बौद्ध झालो, घराघरातल्या तसबिरी बदलल्या, पोरं शाळेत पुढच्या बाकावर बसली, तरी हात लागला नव्हता. बाजारात मात्र दस्तीखाली अण्णांची बोटं माझ्या बोटांत यायची. जाड, खरखरीत, करंगळीशेजारी चांदीची अंगठी. मला ते आवडायचं. का आवडू नये?

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाला तलावाचं काम निघालं. माझ्या आईने त्या भिंतीवर माती वाहिली, कामावर वाटलेली सुकडी खाल्ली, आणि तलाव झाला. मग वस्तीच्या बाजूला, गायरानाच्या तुकड्यावर, आमच्या लोकांनी आपली विहीर खणली. तलावाचं पाणी झिरपून ती उन्हाळ्यातही आटेनाशी झाली. त्याआधी आमच्या बाया अण्णांच्या मळ्यातल्या विहिरीपाशी घागरी घेऊन बसायच्या. वरून कोणी ओतेल तेव्हा पाणी. "घाला की माय, लेकरं खोळंबली," हे आईचं बोलणं अजून कानात आहे. आपली विहीर झाली त्या दिवशी आईने पाणी शेंदलं आणि परत विहिरीतच ओतलं. पुन्हा शेंदलं, पुन्हा ओतलं. बाया हसायला लागल्या. ती थांबेचना.

तलावाला भिंत एकाच बाजूला असते. बाकी सगळा नुसता मातीचा काठ. पावसाळ्यात तलाव भरला की पश्चिमेचा वारा लाटा घेऊन थेट आमच्या काठावर यायचा. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात त्या भेगांत पाणी शिरतं, खालून लाट लागते आणि उभ्या माणसाएवढा काठ धप्पदिशी पाण्यात बसतो. विहीर खणली तेव्हा तिच्या आणि पाण्याच्या मधून बैलगाडी वळायची. काही वर्षांनी गाडी वळेना. मग एकटा बैलही तिकडून जायला बिचकू लागला. पावसाळ्यात विहिरीला गढूळ पाणी यायचं आणि बाया फडक्याने गाळून घ्यायच्या.

त्याच सुमाराला जिल्हा नवा झाला. आम्ही उस्मानाबादचे होतो ते लातूरचे झालो. कंधार बांधापलीकडे नांदेडातच राहिलं. मी म्हटलं, नवा जिल्हा आहे, नवी माणसं आहेत, काही करून दाखवायची हौस असेल. लातूरला गेलो. कचेरी भाड्याच्या जागेत होती, पाटीच्या रंगाला अजून वास येत होता. आतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"दगडाचं अस्तर आम्ही भिंतीला देतो," ते म्हणाले. "काठाला नाही. काठ म्हणजे नुसती जमीन."

"साहेब, त्या नुसत्या जमिनीवर आमची विहीर आहे."

"अहो, आमचा जिल्हा आत्ता कुठे जन्मला. इथे आम्हालाच बसायला खुर्च्या पुरत नाहीत."

साहेब हसले. मीही हसलो, कारण माणूस खरं बोलत होता. एक कारकून खिडकीत बसून लिहीत होता. पण परतीच्या गाडीत राग चढत गेला. कंडक्टरशी उगीचच भांडलो.

गवताची कल्पना मला कोणा साहेबाने दिली नाही. मन्याड नदीच्या काठाने गुरं हाकत मी कितीदा कंधारला गेलो असेन. जनावर पाण्यावर उतरवताना हेड्याचं लक्ष पायाखाली असतं. बैलाचा पाय मोडला तर धंदा बसला. मी पाहिलं होतं, उघड्या काठावर खूर ठेवला की माती सुटते, बैल घसरतो. जिथे वाळ्याचे ठोंब दाट आहेत, तिथे अख्खा कळप उतरला तरी काठ हलत नाही. वाळ्याचं मूळ सरळ खाली जातं, माणसापेक्षा खोल. ज्याचे पडदे उन्हाळ्यात श्रीमंतांच्या खिडकीला लावतात, तोच हा वाळा. आणि पाण्याच्या अगदी कडेला लव्हाळा असला की लाट त्याच्यातच मोडते, काठापर्यंत जोर उरत नाही. आमच्या तलावाला हे दोन्ही नव्हतं, कारण तलाव नवा होता आणि गुरांनी काही उगवूच दिलं नव्हतं.

पण विहिरीपुढची काठाची पट्टी अण्णांची. त्यांची गुरं तिथूनच पाण्यावर उतरायची. वाळा लावायचा तर तो धरेपर्यंत आत खूर पडता कामा नये. म्हणून कंधारच्या बाजारात, चिंचेखाली, मी विषय काढला.

"अण्णा, तेवढा काठ द्या मला."

"काठ? कामून रे? पाण्यात घर बांधतो का?"

"वाळा लावतो. विहीर चाललीय आमची."

"अन् माझी गुरं कुठून उतरू? तुझ्या चुलीवरून?"

"भिंतीच्या टोकाकडून उतरवा. वाट मी करून देतो."

"अन् मला काय?"

"जितके पावसाळे काठ बंद, तितके तुमच्या दावणीचं जनावर मी विकून देतो. दलाली घेणार न्हाई."

अण्णांनी आजूबाजूला बघितलं. "हळू बोल. माझी भावकी इथंच हिंडून राहिली. वस्तीला काठ दिला म्हणून कानावर गेलं तर घरात तकरार. किती पावसाळे, ते हातात सांग."

मी दस्ती टाकली. मी सगळा पंजा धरला, पाच. त्यांनी माझी दोन बोटं धरली. मी पुन्हा पंजा धरला. ते तीनवर आले. मी म्हटलं, "मुळाला खाली जायला वेळ लागतो अण्णा, जनावर न्हाई ते, हाकलून जात न्हाई." ते हसले, चारवर आले. मी पंजा सोडलाच नाही. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो, जाणारेयेणारे म्हणत होते, मोठा सौदा दिसतोय. शेवटी त्यांनी माझा पंजा पुरता हातात घेतला आणि दाबला. पाच. त्या दाबाने अंगठी माझ्या बोटाला रुतली होती.

आज मला शहाणी माणसं विचारतात, कागद का नाही केला? चार माणसांत का नाही बोललास? अहो, ज्या हातावर मी सगळं आयुष्य उभं केलं त्याच्यावर विश्वास ठेवला, तर ती माझी चूक? कागद तर माझ्या बापाच्या अंगठ्याचेही होते. त्यांनी त्याचं काय भलं केलं?

मन्याडच्या काठावरून गाडीभर ठोंब आणले, ओल्या पोत्यांत गुंडाळून. बायको म्हणाली, "बैल विकणारा माणूस गवत लावून राहिला. आता गाढवं विकायची राहिली फक्त." पण पहिली पदर खोचून तीच उतरली. तिच्यामागे वस्तीच्या बाया आल्या. ठोंब फोडायचे, पाती वीतभर ठेवून छाटायची, आणि पाण्याची रेघ जिथवर चढते तिथे आडव्या ओळींत लावायचे, अगदी दाटीने. उभ्या ओळीत लावलं तर पाणी ओळीतूनच वाट काढतं. खालच्या चिखलात लव्हाळा. आणि सगळ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

पहिल्या पावसात अर्धं वाहून गेलं. काय काय ऐकलं मी! हॉटेलात चहा प्यायला गेलो की कोणीतरी विचारायचंच, "काय, पाण्यावर तरंगून राहिली का तुमची बाग?" पुन्हा लावलं. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र वाळ्याने धरलं. ओळीमागे गाळ साचायला लागला, त्या गाळात हरळी आपोआप पसरली. लव्हाळ्यात बगळे उतरू लागले. आणि तो पावसाळा विहिरीला गढूळ पाणी आलं नाही. बाया फडकं न लावता घागरी भरत होत्या. मी रोज विहिरीवर जाऊन घागरीत बघायचो. तळ दिसायचा.

अण्णांचं माझ्याकडून कमी पडलं असेल तर सांगावं. त्यांची एक जोडी मी जत्रेत अशा भावाला दिली की घेणारा घरी जाऊन बायकोच्या शिव्या खाल्ल्याशिवाय राहिला नसेल. दलाली घेतली नाही. चहाही माझ्या पैशाने.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. मृगात चार थेंब, मग आभाळ कोरडं. तलाव मागे मागे सरकला, तळाच्या चिखलाला भेगा पडल्या. कडबा संपला. लोक झाडाचा पाला ओरबाडून जनावरांपुढे टाकू लागले. आणि सगळ्या शिवारात हिरवं म्हणावं असं एकच काही होतं, माझ्या कुंपणातला काठ.

मी आंधळा नव्हतो. जनावर उपाशी असलं की कसं बघतं ते माझ्याइतकं गावात कोणाला माहीत नव्हतं. मी स्वतःहून म्हटलं, विळ्याने कापून न्या. पाळी लावा, वरचं वर कापा, सगळ्यांनी न्या, अण्णांनीही. पण आत खूर नको. कापलेला वाळा पुन्हा फुटतो. कोरड्या मातीत खुराने उखडलेला फुटत नाही. काही दिवस लोकांनी नेलं. मग बोलणं सुरू झालं.

"तलावात पाणीच न्हाई, तर लाट कशाची? कोणाला भिऊन राहिला हा?"

"पाऊस येईल तेव्हा लाटही येईल," मी म्हणायचो.

"अरे बाबा, तो हेडी आहे. त्याचं डोकं चालतंय. काठ बंद ठेवायचा, आपली जनावरं वाळली की पाण्याच्या भावात घ्यायची."

हे पाराजवळ बोललं गेलं, मी ऐकेन अशा बेताने. मी जाऊन त्या माणसाची गचांडी धरली. सोडवासोडव झाली. आणि इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, जी कोणी सांगत नाही. त्या उन्हाळ्यात मी आमच्या गावातलं एकही जनावर घेतलं नाही. दुसरे हेडी आले, रोज ट्रक भरून घेऊन गेले. लोक त्यांना चहा पाजत होते.

एका सकाळी कुंपण उघडं दिसलं. काटे ओढून बाजूला रचून ठेवलेले, नीट, घाई नाही. आत अण्णांची गुरं, मागून गावाची. अण्णा बांधावर बसले होते.

"अण्णा, हे काय? पाच ठरले होते."

"दोन," अण्णा म्हणाले. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. "दोन पावसाळे दिले होते तुला. झाले दोन. उलट वर्षभर जास्तच खाल्लंस."

"अण्णा, पंजा दाबला होता तुम्ही."

"मग तुझ्या हाताला विचार."

मी काठी घेऊन गुरं हाकलायला धावलो. एक गाय हाकलली की दुसरी मागून आत यायची. ती हलायलाच तयार नव्हती, अंगात ताकद नव्हती तिच्या. बायको मागून आली, तिने माझी काठी धरली. "तिच्या बरगड्या बघा. ती काय तुमचा सौदा ऐकणार हाय?" आणि दुपारी, हे सांगायला मला लाज नाही, लाज त्यांनी धरावी, आमच्या वस्तीच्याही शेळ्या आत होत्या. माझी सख्खी चुलती म्हणाली, "सगळ्यांनी खायचं अन् आमच्याच शेळीनं उपाशी राहायचं का रे?" दोनचार दिवसांत काठ खरवडलेल्या परातीसारखा दिसायला लागला. मुळं उघडी पडली, तीही खाल्ली.

पुढच्या बाजारात मी कंधारला गेलो. अण्णा तिथेच, चिंचेखाली. मी सगळ्यांसमोर दस्ती हातावर टाकली आणि हात पुढे केला.

"घाला हात अण्णा. आत्ता घाला. सांगा किती होते."

माणसं जमली. अण्णा म्हणाले, "मी आज काही विकायला आलो न्हाई."

"पाच पावसाळे होते!" मी ओरडलो. "दस्तीखाली पाच दिले आणि वर दोन म्हणता!"

अण्णांनी पानाची पिंक टाकली, धोतर झटकलं आणि निघून गेले. बाजारात एक म्हातारे दलाल होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी सौदा शिकलो तो त्यांच्याच शेजारी उभं राहून. ते माझ्याजवळ आले, माझ्या हातावरची दस्ती काढून घडी घातली आणि माझ्या खांद्यावर ठेवली.

"बेटा, त्यानं इमान सोडलं ते दस्तीखाली सोडलं. तू वर सोडलंस."

"चाचा, खोटं तो बोलला!"

"असंल. पण ते कोणी पाहिलं न्हाई. तुझं सगळ्यांनी पाहिलं."

त्या वर्षी माझ्या हातात कोणी हात दिला नाही. जो खोटं बोलला त्याचे बैल दुसऱ्याने विकून दिले. हा बाजाराचा न्याय. मी तो कबूल केलेला नाही, आजही नाही. बिलोली, उमरीकडच्या बाजारांत जाऊन पुन्हा धंदा बसवायला मला फार चपला झिजवाव्या लागल्या.

दुष्काळ सरला तेव्हा पाऊस असा आला की तलाव एका पंधरवड्यात सांडव्यापर्यंत भरला. आणि मग वारा सुटला. मी विहिरीपाशी बसून राहायचो. काय करणार होतो? बाया कपडे धूत होत्या तेव्हा दिवसाढवळ्या आवाज झाला. आधी विहिरीचे पाण्याकडचे दगड सुटले, मग काठ सबंध खाली बसला आणि विहिरीत तलावाचं गढूळ पाणी शिरलं. एका बाईची घागर आत गेली. विहिरीचा मागचा अर्धा भाग काही दिवस उभा होता, आत दगडाच्या पायऱ्या दिसत होत्या, मग तोही गेला.

एक कोपरा मात्र राहिला. धुण्याच्या दगडाच्या पलीकडे बायांनी आडोशाला थोडे काटे राहू दिले होते, तिथे गुरं शिरली नव्हती. तेवढ्यातला वाळा जिवंत होता. दोन्ही बाजूंचा काठ गेला आणि तो कोपरा पाण्यात पुढे आलेला, जबड्यातल्या एकट्या दातासारखा उभा. मी गावातल्या एकेकाला हाताला धरून तिथे नेलं. बघा. हे बघा आणि तिकडे बघा. लोक बघायचे, म्हणायचे, हाव, राहिलाय खरा. आणि आपापल्या कामाला जायचे.

दुसऱ्या दिवशी बाया घागरी घेऊन अण्णांच्या मळ्यात गेल्या. मी बायकोला म्हटलं, तिथलं पाणी माझ्या घरात यायचं नाही. ती म्हणाली, "तुम्ही तुमचा राग प्या. लेकरांना पाणी लागतं." आली तेव्हा सांगू लागली, अण्णा स्वतः म्हणाले, आता पहिल्यासारखं न्हाई, तुमचा दोर टाका, तुम्हीच शेंदा. हे ती चांगुलपणा म्हणून सांगत होती! ज्या माणसाने विहीर घालवली त्याने दोर टाकू दिला, म्हणून तो चांगला. मी जेवणावरून उठलो.

नवा जिल्हा, नवी कचेरी, बोअर मिळेल म्हणून अर्ज झाले. मिळेपर्यंत काळ जायचा होता आणि बाया दुसऱ्याच्या विहिरीवर उभ्या होत्या. अण्णांनी आज शेंदा म्हटलं, उद्या नको म्हटलं तर?

मग एके दिवशी अण्णांनी मला बोलावणं धाडलं. आमच्या काठाच्या पुढे त्यांचंच रान लागतं, ऊस होता तिथे. आमचा काठ गेल्यावर लाट तिकडे वळली होती, उसाच्या दोन सऱ्या पाण्यात होत्या. अण्णा बाजेवर बसले होते.

"तुझा तो कोपरा पाहिला," ते म्हणाले. "वाळ्यानं चांगलं धरलंय. माझ्या बांधालाबी लाव."

मी म्हटलं, "लावतो. एक अट. कंधारच्या बाजारात, चिंचेखाली, चाचांच्या समोर म्हणा, पाच होते."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. "जाऊ दे की लेका, किती दिवस धरून बसशील? मजुरी सांग."

"पाच म्हणा."

"मग राहू दे," अण्णा म्हणाले.

मी घरी आलो, खूश होतो. लिहायला काय हरकत आहे? पुढच्या वाऱ्यात आणखी एक सरी गेली. मी आमच्या बाजूला उभा राहून बघितली. सबंध ऊस उभाच्या उभा खाली गेला, शेंडे थोडा वेळ पाण्यावर हलत राहिले.

त्यानंतर एका सकाळी घरात बायको नव्हती. चुलतीही नाही. वस्तीच्या बऱ्याच बाया नव्हत्या. बाहेर येऊन बघतो तर माझ्या कोपऱ्यातले ठोंब उपटून, फोडून, टोपल्यांत भरून त्या अण्णांच्या बांधावर उतरल्या होत्या. मी धावत गेलो.

"कोणाला विचारून?"

बायकोने चिखलाचा हात कपाळाला पुसला. "मी ठरवलं अण्णासंगं. काल विहिरीवर, सगळ्या बायांसमोर, त्यांच्या सुनेसमोर. बांधाला वाळा आम्ही लावून देऊ, विहिरीवर वस्तीचा दोर कायम. सुनेकडून तीनदा म्हणवून घेतलं. मोठ्यानं."

"माझा वाळा! माझ्या अटीचं काय?"

"तुमच्या अटीनं घागर भरत न्हाई."

बाया हसल्या. चुलती सगळ्यात जास्त. अण्णा बांधाच्या वर बाजेवर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी मागे फिरलो. दहापाच पावलं गेलो असेन. वळून पाहिलं तर त्या ठोंब पार वर लावत होत्या, कोरड्यात, पाण्याची रेघ जिथवर कधी चढत नाही तिथे. तिथे वाळ्याने धरलंही असतं, पण लाट खालून काठ खाऊन गेली असती. एका पावसाळ्यात बांध गेला असता, आणि त्याच्याबरोबर दोरही.

मी उभा राहिलो. वाटलं, जाऊ दे. कळू दे सगळ्यांना. मग बायकोने आणखी एक ओळ वरच धरली, तीही वाकडी, आणि माझ्या तोंडून शिवी गेली.

"अगं खाली! पाण्याच्या रेघेला! डोळे हायत का खोबण्या? उपट ते सगळं!"

मी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि चिखलात उतरलो. अण्णा बाजेवर थोडे सरकले, मला बसायला जागा होईल इतके. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बायकोच्या हातातला ठोंब हिसकावून घेतला आणि रेघेवर लावला.